शिकागो करारनाम्यांतील ‘प्रदेश’: एक पाठविचार

शिकागो येथें ता. १ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर १९४४ या काळांत ५२ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं एकत्र बसून नागरी विमानसंचाराचा जो करारनामा तयार केला, त्यावर आजची आंतरराष्ट्रीय विमानव्यवस्था उभी आहे. कायदेपंडितांनीं त्याचीं भाष्यें पुष्कळ लिहिलीं आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतु निराळा व मर्यादित आहे. जुना तहनामा हातीं आला असतां आपण त्याची प्रत, पाठ, कलमें आणि अंमल हीं क्रमानें तपासतों; त्याच रीतीनें हा कागद तपासून एका प्रश्नाचा निर्णय करावयाचा आहे. प्रश्न असा: नकाशावर आकाशाचे जे प्रादेशिक विभाग पाडलेले दिसतात, ती सत्तेची वांटणी आहे कीं केवळ व्यवस्थेची?

प्रथम प्रतीचा विचार करूं. मूळ करारनामा इंग्रजी भाषेंत झाला, असें त्याच्या समाप्तिलेखांतच नमूद आहे. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांतील सारख्याच प्रमाणाचा पाठ पुढें वॉशिंग्टन येथें सह्यांसाठीं ठेवण्यांत येईल, असें आश्वासनहि तेथें आहे. तें आश्वासन फळास येण्यास १९६८ साल उजाडावें लागलें. त्या सालीं ब्वेनॉस आयर्स येथील पुरवणी-करारानें त्रिभाषी पाठ प्रमाण ठरला. रशियन, अरबी व चिनी पाठांची सोय तर त्याहूनहि मागाहून झाली. म्हणजे करार अमलांत येऊन दोन दशकें लोटलीं तरी त्याचा प्रमाण पाठ एकाच भाषेंत होता. भाषेचा हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन आहे.

आतां पूर्वपीठिका. ता. १३ ऑक्टोबर १९१९ रोजीं पॅरिस येथें झालेल्या करारानें प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशांत पूर्ण व अनन्य सत्ता आहे, हें तत्त्व मान्य केलें. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानचें नांवहि त्या करारांत आहे. परंतु पॅरिसचा करार सर्वमान्य झाला नाहीं. १९२६ सालीं माद्रिद येथें स्पेन व लॅटिन अमेरिका यांच्यासाठीं, आणि १९२८ सालीं हवाना येथें अमेरिका खंडांतील राष्ट्रांसाठीं निराळे करार झाले. याप्रमाणें ‘प्रदेश’ ही कल्पना प्रथम फुटीच्या रूपानें विमानसंचारांत आली. शिकागो करारनाम्याच्या ८० व्या कलमानें पॅरिस व हवाना येथील करार सोडून देण्याचें बंधन सह्या करणाऱ्या राष्ट्रांवर घातलें, त्याचें कारण हेंच.

सत्तेच्या बाबतींत मात्र शिकागोनें पॅरिसचाच कित्ता गिरविला. पहिलें कलम जवळजवळ त्याच शब्दांत आहे. दुसऱ्या कलमांत भूमि म्हणजे जमीन व तिला लागून असलेला प्रादेशिक समुद्र, अशी व्याख्या आहे. त्यापलीकडील खुल्या समुद्रावर कोणाचीच सत्ता नाहीं. तेथें १२ व्या कलमान्वयें कराराखालीं ठरलेलेच नियम चालतात. मग त्या समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना हवामान, मार्ग व परस्परांतील अंतर कोणी सांगावें? आणि अपघात झाल्यास शोध कोणी घ्यावा?

या प्रश्नाचें उत्तर कलमांपेक्षां वहिवाटीनें दिलें. ‘प्रादेशिक’ हा शब्द ५५ व्या कलमांत येतो, पण तो वाहतुकीच्या दुय्यम मंडळांसंबंधीं. सुरक्षिततेच्या आंखणीसाठीं पहिली प्रादेशिक परिषद डब्लिन येथें मार्च १९४६ मध्यें, उत्तर अटलांटिक महासागराकरितां भरली. मूळ करार अमलांत आला ता. ४ एप्रिल १९४७ रोजीं. म्हणजे प्रादेशिक व्यवस्था हें मागाहून जोडलेलें शेंपूट नसून, हंगामी संघटनेच्या काळांतच ती सुरू झाली होती. कालक्रमाचा हा पुरावा निर्णायक मानला पाहिजे. पुढें कराराच्या अकराव्या परिशिष्टानेंहि खुल्या समुद्रावरील आकाशांत विमानांना मार्गदर्शन कोणी करावें हें प्रादेशिक सहमतीनें ठरावें, असा नियम केला.

मुंबईच्या उड्डाण-माहिती-विभागाचें उदाहरण घ्यावें. दिल्ली, कोलकाता व चेन्नई यांच्याबरोबर हा भारताचा चौथा मोठा विभाग. अरबी समुद्राचा विस्तीर्ण भाग त्यांत मोडतो. पण त्या समुद्रावर भारताची सत्ता आहे, असा त्याचा अर्थ नाहीं. आपल्या दप्तरांतील शब्द वापरावयाचा तर हें वतन नव्हे, कमाविस आहे. कमाविसदार परगण्याचा कारभार पाहतो, हिशेब देतो. परगणा त्याच्या मालकीचा होत नाहीं.

हा भेद न ओळखल्यास तंटे माजतात. इंडोनेशियाच्या रिआऊ बेटांवरील आकाशांतील मार्गदर्शन दीर्घकाळ सिंगापूरकडे होतें आणि इंडोनेशियांत तें स्वाभिमानास बोंचत असे. जानेवारी १९२२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०२२ मध्यें दोन्ही देशांत करार होऊन मार्च २०२४ मध्यें तो अमलांत आला. विभागाची हद्द इंडोनेशियाच्या सीमेशीं जुळवून घेण्यांत आली. तरीहि कांहीं भागांत ३७,००० फुटांपर्यंतचें मार्गदर्शन इंडोनेशियानेंच सिंगापूरकडे सोंपविलें. सत्ता एकाची, कारभार दुसऱ्याचा, हें येथें लेखी मान्य झालें.

आतां या व्यवस्थेचें मोल पाहूं. ता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचें दिल्लीहून निघालेलें आणि कझाकस्तानचें दिल्लीस येणारें, अशीं दोन विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं. ३४९ माणसें गेलीं. दोन्ही विमानांतील एकहि जीव वांचला नाहीं. कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. तें त्याखालीं, सौदी विमानाच्या १४,००० फुटांच्या पातळीवर उतरलें, असें न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत निष्पन्न झालें. वैमानिकांचें अपुरें इंग्रजी हेंहि कारणांत गणलें गेलें. विमानांची उंची दाखविणारें रडार त्या वेळीं दिल्लीस कार्यान्वित नव्हतें.

येथें भाषेचा मुद्दा पुन्हा येतो. १९९८ च्या महासभेंत वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीविषयीं ठराव झाला. २००३ मध्यें नियम झाले. मार्च २००८ पासून सहांपैकीं चौथ्या पायरीचें ज्ञान आवश्यक ठरलें. जी गोष्ट पूर्वीं शिफारस होती, ती विधि झाली. करारनाम्याचा वाचक या दोहोंतील अंतर जाणतो. पण तें ओलांडण्यास लागलेली किंमत वरील आंकड्यांत आहे.

त्यानंतरची प्रगति प्रादेशिक सहकार्यानेंच झाली. २९,००० ते ४१,००० फुटांच्या दरम्यान विमानांमधील उभें अंतर २,००० वरून १,००० फुटांवर आणण्याची पद्धति उत्तर अटलांटिकवर १९९७ मध्यें व भारतांत २००३ मध्यें आली. एकट्या देशास ती लाभदायक झाली नसती. कारण हद्द ओलांडतांच शेजाऱ्याचें माप निराळें निघतें. आशिया व पॅसिफिक यांची ही जुळणी बँकॉक येथील प्रादेशिक कचेरीमार्फत होते. सप्टेंबर २०२४ मध्यें या प्रदेशांतील मंत्र्यांची परिषद दिल्लीस भरून तिनें जाहीरनामा काढला.

सारांश, पाठ, कालक्रम व वहिवाट या तिन्ही प्रमाणांवरून आकाशाचे हे विभाग व्यवस्थेचे आहेत, सत्तेचे नव्हेत, असें ठरतें. पहिल्या कलमानें दिलेली सत्ता अबाधित आहे. तिच्याबरोबर येणारें कर्तव्य मात्र शेजाऱ्याशीं बोलल्यावांचून पुरें होत नाहीं. या विषयाचीं साधनें, म्हणजे प्रादेशिक परिषदांचीं कार्यवृत्तें व त्या त्या काळचे मार्गनकाशे, आपल्या संग्राहकांनीं जुन्या फर्मानांइतक्याच काळजीनें जपावींत, एवढीच विनंति.