साहित्य : एक वाहता ओढा

पाकशास्त्राची जुनी पुस्तकं मी कादंबऱ्यांसारखी वाचतो. रात्री, उशाशी दिवा लावून, आडवं पडून. आमच्या घरात ह्या वाचनाकडे जरा संशयानंच पाहिलं जातं. ज्या माणसाला चहापलीकडे काही करता येत नाही, त्यानं अळूवडीच्या उंड्यांवरचा मजकूर वाचून रात्री अकरा वाजता आवंढे गिळावेत, हे आमच्या हिला पटत नाही. पण आरामखुर्चीत पडून पानपतची लढाई वाचणाऱ्याला कोणी 'तुम्ही कधी भाला धरला होता का हो?' असं विचारत नाही. मग मलाच का?

ह्या वाङ्मयाची मराठीतली परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. आजच्या पोरांना हे नाव ऐकून वाटतं की टोमॅटोचं, मक्याचं वगैरे सूप कसं करावं याचं पुस्तक असेल. आमच्या आज्जीच्या पिढीला वाटलं असतं, पाखडण्याच्या सुपाचं शास्त्र असेल. प्रत्यक्षात 'सूप' म्हणजे संस्कृतातलं साधं वरण. एवढ्या साध्या वस्तूला एवढं भारदस्त नाव दिलं, म्हणजे लेखक पुरुष असणार हे नाव न वाचताही ओळखावं. स्त्रिया ह्या प्रांतात आल्या आणि एकदम हजाराच्या आकड्यानं आल्या. १९१० च्या सुमाराला लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं ते हजार पाकक्रिया घेऊन. अरबी सुरस गोष्टीसुद्धा हजारावर एकच रात्र पुढे गेल्या, आणि तिथे तर मानेवर तलवार होती.

पण ह्या जुन्या पुस्तकांतून स्वयंपाक करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. एक तर वजनं. शेर, तोळा, मासा, गुंज. रुपयाभार मीठ, दोन पैशांभार हळद. राणीछाप चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, तेव्हा घरात तराजू असो नसो, रुपया असला की माप व्हायचं. पुढे रुपयाच हलका होत गेला. चांदी गेली, १९५७ साली नवे पैसे आले, मागोमाग किलो-ग्रॅम आले, आणि आजेसासूच्या पुस्तकातलं 'रुपयाभार' शब्दशः पाळणाऱ्या सुनेची आमटी अळणी होऊ लागली. रुपयाची किंमत घसरल्याचं अर्थशास्त्रज्ञांच्या आधी आमटीला कळलं असणार. ह्या गोंधळावर तोड काढली कमलाबाई ओगल्यांनी. १९७० साली त्यांची 'रुचिरा' आली आणि तिनं सगळा कारभार वाटी-चमच्यावर आणून ठेवला. तराजू नको, रुपया नको. लाखांवर प्रती खपल्या. कित्येक मराठी मुली माहेरची भांडी आणि 'रुचिरा' घेऊन सासरी गेल्या, आणि त्यांतल्या काहींनी भांड्यांआधी पुस्तक उघडलं.

साहेबाच्या देशात ह्याच तऱ्हेची अन्नपूर्णा म्हणजे मिसेस बीटन. तिचा तो जाडजूड गृहव्यवस्थेचा ग्रंथ १८६१ साली निघाला. मला हे साल लक्षात राहतं ते वेगळ्या कारणानं. त्याच साली आपली जी. आय. पी. रेल्वे शहापूर तालुका ओलांडत कसाऱ्याला जाऊन पोचली. १८६५ साली थळ घाट चढून गाडी इगतपुरीला लागली, आणि त्याच साली बीटनबाई वारल्या. वय अवघं अठ्ठावीस. आपल्या मनात तिचं चित्र चांगल्या साठीच्या, ओठावर बारीक मिशी असलेल्या, चाव्यांचा जुडगा वाजवणाऱ्या बाईचं असतं. प्रत्यक्षात ती पोरसवदा मुलगी होती आणि पुष्कळशा पाककृती तिनं इतरांच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या. असो. मेलेल्या माणसाच्या आमटीला नावं ठेवू नयेत.

इंग्रजी पुस्तकांत एक शब्द मला बरेच दिवस छळत होता. कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा प्लॅस्टिकचा डबा. लग्नात एकाच जोडप्याला असे सात डबे येतात, त्यांतले पाच ते पुढच्या सात लग्नांत वाटतात. तेव्हा 'कॅसरोल तीनशे पन्नास अंशांवर अर्धा तास भट्टीत ठेवा' असं वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वितळलेला डबा येई. मग कळलं की तिकडे कॅसरोल हे पदार्थाचंच नाव. एका खोलगट भांड्यात घरात असेल नसेल ते सगळं घालायचं, झाकायचं आणि भट्टीत विसरून जायचं. अमेरिकेत कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डोर्कस रायली नावाच्या बाईंनी १९५५ साली फरसबी, मश्रूम सुपाचा डबा आणि तळलेला कांदा एकत्र करून असाच एक पदार्थ काढला. तो एवढा गाजला की त्यांनी हातानं लिहिलेलं पाककृतीचं कार्ड संशोधकांच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवलंय. एडिसनच्या दिव्याशेजारी फरसबी! २०१८ साली बाई गेल्या तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

माझी तक्रार रायलीबाईंबद्दल अजिबात नाही. चांगल्या भाजीसाठी माणसाचं नाव झालं, तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न कडूकंदाबद्दल आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायाशी टेकलेले तालुके. २०१४ साली जिल्ह्याची वाटणी झाली, जव्हार-मोखाडा-वाडा पालघरच्या पानात गेले, आणि हे दोघे ठाण्याच्या पानात राहिले. इथल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी मंडळींच्या घरात पावसाच्या दिवसांत जे शिजतं, त्याचा मागमूस माझ्या फळीवरच्या पुस्तकांत सापडत नाही. कडूकंद हा रानातला वेलीचा कंद. नावाप्रमाणे कडू, आणि नुसता कडू असता तर कारल्यासारखा साखर घालून मार्गाला लावला असता, पण हा सरळ खाल्ला तर माणसालाच मार्गाला लावतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळपर्यंत ओढा कडूपणा घेऊन जातो. मग पुन्हा शिजवून खायच्या. आता ही कृती 'रुचिरा'च्या पद्धतीनं लिहायची म्हटली तर कशी लिहिणार? साहित्य : कंद, राख, मीठ, एक वाहता ओढा. वेळ : एक रात्र.

मला राहून राहून वाटतं, राखेत उकडून ओढ्यात ठेवायचं हे पहिल्यांदा सुचलं कोणाला? आणि त्याआधी न सुचलेल्यांचं काय झालं? फरसबीत मश्रूमचं सूप घालताना चुकलं तर जास्तीत जास्त नवरा तोंड वाकडं करतो. इथे प्रयोग चुकला तर घरातलं माणूस जायचं. तरी कोणीतरी बाई चार पोरांची पोटं पाठीला लागलेली बघून पुन्हा पुन्हा तो कंद शिजवत राहिली असेल. तिचं कार्ड कुठल्या संग्रहालयात नाही. ते साहजिकच म्हणायचं, तिला लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते वरणाचं शास्त्र लिहीत होते.

लिहिणाऱ्यांचं तर ह्या मुलखात जुनं आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून वर चढलं की नाणेघाट. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारी ही सातवाहनांची वाट. माथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती हजार गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळा हिशेब अंकांसकट भिंतीवर कोरलेला. बाहेर जकातीचा म्हणून सांगतात तो भला मोठा दगडी रांजणही आहे. दक्षिणेचा आकडा आहे, पण त्या दिवशी पंगतीला भाजी कशाची होती ते मात्र नाही. गुहेत सातवाहन राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते, त्यांची आता फक्त पावलं उरलीत. भाजी लिहून ठेवली असती तर निदान ती तरी अख्खी राहिली असती.

इंग्रजांनी ती चूक केली नाही. १८८२ साली त्यांनी ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं, त्यात कोणती जात काय खाते हेही टिपून ठेवलं. दहा वर्षांनी, १८९२ साली, सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांचा खास कायदा केला. ही फुलं वेचायची, वाळवायची, टंचाईच्या दिवसांत शिजवून खायची, आणि उरलेल्यांची दारू गाळायची. सरकारला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. अबकारी बुडते म्हणून फुलं साठवण्या-विकण्यावर निर्बंध. एका फुलासाठी स्वतंत्र कायदा करणारं सरकार रसिकच म्हणायला हवं. महाराष्ट्रात मोहाची फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठले ते २०२१ साली. म्हणजे जवळजवळ एकशेतीस वर्षं ह्या मुलखात फोडणी पोलिसांना न दिसेल अशी द्यावी लागत होती.

त्याच १८९२ साली आणखी एक गोष्ट घडली. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईत पोचलं. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं, मध्य वैतरणा झालं. तिकडे मुरबाडच्या हद्दीवर बारवीचं धरण बांधून कल्याण-डोंबिवलीच्या बाजूची सोय झाली. मुंबईच्या एखाद्या घरात 'डाळ लवकर शिजत नाही' म्हणून कोणी पाण्याला नावं ठेवली, तर ती नावं बहुतेक शहापूरला लागतात. आणि शहापुरात? दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. नळांची मोठमोठी पोलादी धुडं शेतांच्या कडेनं मुंबईकडे जाताना दिसतात, आणि शेजारून हंडे डोक्यावर घेऊन बायका उलट दिशेला. कडूकंदाच्या कृतीतलं सगळ्यांत महाग साहित्य हल्ली कोणतं, हे सांगायला नको.

ह्या रानभाज्यांना शहरात आता चांगले दिवस आलेत. आषाढ-श्रावणात रानभाजी महोत्सव भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, कोरळ छान परड्यांत मांडलेल्या असतात, पुढे औषधी गुणांचा फलक. मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर. मला ते फलक वाचून जरा अवघडल्यासारखं होतं. कारण पाड्यावरची माणसं ह्या भाज्या खात आली ती सांधे दुखतात म्हणून नव्हे. आषाढात कणगीचा तळ दिसू लागतो. नवं भात यायला अजून तीन महिने. हातात लावणीचं काम, पोटात काही नाही. रस्त्याच्या कडेला टाकळा मात्र फुकट उगवतो. तो उकडून, असलाच तर खुरासणीच्या तेलाचा हात लावून, नाचणीच्या भाकरीबरोबर खायचा. नाचणीही संपली की पेज. भूक भागवणारी भाजी आणि भूक लावणारी भाजी एकच असू शकते, फक्त ताट बदलायला हवं. माळशेजच्या रस्त्यावर 'चुलीवरचं जेवण मिळेल' अशा पाट्या दिसतात. तिथे गाड्या थांबवून धुराच्या वासाला आपण जास्त पैसे देतो, आणि जिचे डोळे त्या धुरानं गेले ती म्हातारी आतल्या खोलीत गॅसची टाकी कधी येणार म्हणून विचारत असते.

आता वाल घ्या. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर ह्या भागात वाल पेरतात. पाणी नाही, लाड नाहीत. त्याच कडव्या वालाचं आपण बिरडं करतो. रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. वाटीभर डाळिंब्या सोलायला अख्खी दुपार जाते. पण ओलं खोबरं, गूळ, आमसूल घातलेलं गरम बिरडं आणि भात पुढे आला की मी घरात कुणाशी भांडत नाही. भांडलोच तर दुसऱ्या वाढपानंतर.

आणि शेवळं. एरवी नाकं मुरडणारी शहरी मंडळी ज्या एका रानभाजीपुढे शरण जातात ती ही. पावसाच्या तोंडाशी जंगलात जमिनीतून जांभळट कोंब वर येतात. आसनगाव, आटगाव, खर्डीहून बायका पहाटेच्या लोकलनं जुड्या घेऊन कल्याण-ठाण्याला उतरतात, आणि सीकेपी, पाठारे प्रभू घराण्यांत अशी धावपळ उडते की जणू घरात मुंज आहे. वरचं पान काढायचं, आतला पिवळा भाग काढायचा, बाकीचं चिरून शिजवायचं, कोलंबी घालायची. ही भाजी सुरणाच्या कुळातली, घशाला खाजरी. तिच्यावर उतारा म्हणजे काकड नावाची हिरवी, आंबट रानफळं. ती ठेचून त्यांचं पाणी भाजीत घालतात. हा उतारा शोधला कोणी, तर पुन्हा तीच, कार्ड नसलेली बाई. प्रभूंच्या स्वयंपाकघरात ती कधी पाटावर बसली नसेल, पण तिच्या परवानगीशिवाय तिथली शेवळं शिजत नाहीत. कारण ह्या बायका जुडीबरोबर काकडं देतात, आणि ती देताना कृतीही सांगतात.

गेल्या जूनमध्ये कल्याण स्टेशनबाहेर एक चांगला टायवाला गृहस्थ जुडीचा भाव पाडत होता. तीन जुड्यांवर एक फुकट मागत होता. ती मावशी काही केल्या ऐकेना. शेवटी ह्यानं पैसे टाकले, जुड्या पिशवीत कोंबल्या आणि चालायला लागला. मावशीनं मागून हाक मारली.

"ओ भाऊ! काकडं ऱ्हायली तुमची."

तो म्हणाला, "नकोत, आम्ही चिंच घालतो."

"चिंच घाला नायतर काय पन घाला," ती फळं त्याच्या पिशवीत टाकत म्हणाली, "पन ही घ्या. रातीला घसा धरला ना, मंग मलाच शिव्या घालशीला."

त्यांचे तिनं वेगळे पैसे घेतले नाहीत. मीही दोन जुड्या घेतल्या. भाव केला नाही, पण त्यात माझा मोठेपणा नाही. माझी गाडी लागली होती.