अबईच्या बहिणीचे स्फटिक

अबईची शेंग आपल्यापैकी पुष्कळांनी परसात पाहिली असेल. हातभर लांब, तलवारीच्या पात्यासारखी. तिचीच एक बहीण अमेरिका खंडात वाढते. तिला तिकडे जॅक बीन म्हणतात. तिच्या दाण्यांत युरिएज नावाचे विकर भरपूर असते. युरियापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करणे, एवढेच त्याचे काम. पण जिवंत पदार्थांतला एखादा रेणू किती मोठा असू शकतो, या जुन्या वादात या दाण्याने मोठी कामगिरी बजावली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

वाद काय होता? हायड्रोजनच्या अणूचा भार 1 धरला, तर पाण्याच्या रेणूचा 18 होतो, साखरेचा 342. आता रक्तातले हिमोग्लोबिन घ्या. त्यात लोखंड शेकडा एक तृतीयांश भाग. लोखंडाच्या अणूचा भार 56. रेणूत निदान एक तरी लोखंडाचा अणू असायलाच हवा! म्हणजे रेणुभार सोळा हजारांच्या वर गेला की! हा हिशेब 1886 सालीच हाती होता, पण तो कोणाच्या फारसा पचनी पडेना. एमिल फिशर यांच्यासारखा मातब्बर रसायनज्ञ, ज्याने 1907 साली अठरा अमिनो आम्लांची साखळी स्वतः जोडून दाखवली, तोही प्रथिनांचे रेणू पाच हजारांच्या फार पुढे जातील असे मानायला तयार नव्हता. पुष्कळांचे मत असे, की प्रथिने म्हणजे लहान लहान रेणूंची मोळी. तिला ठराविक आकार नाही, ठराविक वजन नाही. हेरमान स्टाउडिंगर यांनी 1920 साली रबरासारख्या पदार्थांचे रेणू खरोखरच लांबलचक साखळ्यांचे असतात असे मांडले, तेव्हा त्यांनाही खूप विरोध सोसावा लागला.

मग विकरे कशाची? म्युनिकचे विलस्टेटर, हरितद्रव्यावरील कामासाठी 1915 चे नोबेल मिळवलेले, म्हणत की विकर हे प्रथिन नव्हेच. प्रथिन म्हणजे नुसते वाहन, खरा कर्ता त्यावर बसलेला कोणी लहानसा रेणू. त्यांच्या शुद्ध केलेल्या द्रावणात प्रथिनाची खूणच सापडत नसे. द्रावण इतके पातळ असे, की प्रथिन असते तरी त्या काळच्या परीक्षेत ते उतरले नसते. ही शंका काढण्याचे धैर्य त्या वेळी फारच थोड्यांना झाले.

जेम्स समनर हे त्यांपैकी एक. सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन त्यांचा डावा हात कोपराखाली गेला, आणि ते होते डावखुरे! उजव्या हाताने सारे पुन्हा शिकले. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या नादी लागू नये, वकिली करावी, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांनी ते मानले नाही. कॉर्नेल विद्यापीठात शिकवण्याचे काम फार, साधने थोडी. अशा स्थितीत 1917 साली त्यांनी युरिएज शुद्ध रूपात काढायचे ठरवले. प्रयोगशाळेत शीतपेटी नव्हती. दाण्यांचा अर्क अल्कोहोलात घालून भांडी खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि रात्री कडाक्याची थंडी पडू दे, अशी प्रार्थना करायची! अशी नऊ वर्षे गेली. शेवटी अल्कोहोलऐवजी पाणी मिसळलेला ॲसिटोन वापरला, आणि 1926 साली सूक्ष्मदर्शकाखाली इवलेसे, अष्टफलकी स्फटिक दिसले. ते पाण्यात विरघळवले तर युरिएजचे काम जोमाने चाले, आणि परीक्षेत ते ठरले प्रथिन. समनरनी आधी टेलिफोन केला तो बायकोला!

विलस्टेटर यांच्या गोटाला हे पटले नाही. स्फटिकात विकर अडकून बसले असेल, असा त्यांचा आक्षेप. 1930 साली नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे स्फटिक काढले, तेव्हा कुठे पारडे फिरू लागले.

इकडे स्वीडनमध्ये उप्सालाला स्वेडबर्ग यांनी प्रचंड वेगाने फिरणारे यंत्र बनवले होते. ते स्वतः मोळीवाल्या पंथातलेच. हिमोग्लोबिन त्यात घातले, तर लहानमोठे कण निरनिराळ्या वेगाने खाली बसतील अशी त्यांची अटकळ. पण बघतात तर काय, सगळे कण एकाच वजनाचे! भार सुमारे 67 हजार, म्हणजे लोखंडाच्या हिशेबाने येणाऱ्या आकड्याच्या बरोबर चौपट. केंब्रिजच्या अडेअर यांनी 1925 साली अगदी वेगळ्या मार्गाने हाच आकडा काढला होता. मोळीला असे नेमके वजन कुठून येणार?

पुढे समनर स्वतः उप्सालाला गेले, आणि युरिएजचा रेणुभार सुमारे 4,80,000 निघाला. 1946 चे रसायनशास्त्राचे नोबेल समनर, नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली या तिघांना मिळाले. समनर 1955 साली वारले. त्याच वर्षी सँगर यांनी इन्सुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा क्रम पुरा लावला.

आपल्या स्फटिकांत निकेल धातू आहे, हे मात्र समनरना कळले नाही. ते 1975 साली उघडकीस आले. आणि त्या रेणूची पुरी रचना, 840 अमिनो आम्लांची एक अशा सहा साखळ्या, 2010 साली प्रसिद्ध केली ती आपल्याच मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी.