अतिवास्तव चित्रपट : श्रद्धा आणि संशय

अतिवास्तव चित्रपट : स्वप्न, भास आणि जागेपणीचा व्यवहार यांच्यामधली रेघ मुद्दाम पुसणारी चित्रपटशैली. आंद्रे ब्रेतों यांचा जाहीरनामा १९२४ मध्ये निघाला. पाच वर्षांत लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी ‘अँ श्यें आंदालू’ (१९२९) करून ही चळवळ पडद्यावर आणली. धर्म हा या शैलीचा जुना विषय आहे. या नोंदीत त्याचा विचार मराठी चित्रपटाच्या आणि पैठण-बीड-अंबाजोगाई या संतभूमीच्या संदर्भात केला आहे.

बुन्युएल जेझुइट शाळेत शिकला आणि जन्मभर त्या शाळेशी भांडत राहिला. ‘विरिदियाना’ (१९६१) मध्ये त्याने भिकाऱ्यांची पंगत लिओनार्दोच्या ‘अखेरचे भोजन’ या चित्राप्रमाणे बसवली. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, व्हॅटिकनच्या मुखपत्राने धिक्कार केला आणि स्पेनमध्ये चित्रपटावर बंदी आली. ‘द मिल्की वे’ (१९६९) मध्ये दोन भणंग सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या यात्रेला पायी निघतात आणि वाटेत त्यांना वेगवेगळ्या शतकांतले पाखंडी आणि धर्मपंडित वाद घालताना भेटतात. पंढरीची वाट माहीत असलेल्या वाचकाला हा साचा परका वाटणार नाही. मराठीत मात्र असा चित्रपट कोणी केला नाही. आपल्याकडे या विषयाची वाट चमत्कारातून गेली.

तिची सुरुवात एका भासाने झाली, असे म्हणता येते. गिरगावातल्या तंबूत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. हे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. पडद्यावर येशू आणि मनात कृष्ण, अशा दुहेरी दर्शनातून भारतीय चित्रपट निघाला. फाळक्यांनी युक्तीच्या छायाचित्रणाने देव उडवले, बुडवले, प्रकट केले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) च्या आरंभी त्यांची मुलगी मंदाकिनी आधी चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग तीच बाळकृष्ण होते. ही फाळक्यांची मुलगी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक झालेले असते, तरी त्याचे हात जोडले जातात. श्रद्धा आणि बनाव एकाच तिकिटात देण्याचे हे धाडस नंतर फारसे कोणी केले नाही.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल) हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मराठी चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा १९३७ मध्ये गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण खरी ताकद गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईत आहे. नवऱ्याच्या विठ्ठलामुळे घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले. ती त्या पोराला घेऊन तावातावाने देवळात जाते आणि थेट देवावर पायताण उगारते. हा संशय नास्तिकाचा नव्हे. घरातल्या कर्त्या पुरुषाने हात वर केल्यावर बाईमाणूस जे बोलेल, तेच ती विठोबाला ऐकवते. चित्रपट तिला मूर्ख ठरवत नाही. शेवटी आकाशातून विमान उतरते तेव्हाही जिजाई, तिची म्हैस आणि तिची चूल तितक्याच खऱ्या राहतात. चमत्कार आणि चूल एकाच सपाट उजेडात दाखवण्याची ही रीत बुन्युएलच्या रीतीजवळ जाते, हेतू मात्र अगदी उलटा.

‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये त्याच दिग्दर्शकद्वयाने रेड्याकडून वेद वदवले आणि भिंत चालवली. रेड्याचा प्रसंग पैठणचा, म्हणजे बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच काठचा. इथे युक्ती अधिक सफाईची आहे, पण जिजाईसारखे कोणी नसल्याने चमत्काराला आव्हानही नाही. मोठ्या ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक जन्माने ख्रिस्ती होते आणि पुढे कृष्ण म्हणून घरोघरी पोचले. असे चित्रपट तंबूतून गावोगाव फिरत. जत्रेत देवळात नारळ फोडून आलेला माणूस शेजारच्या तंबूत तिकीट काढून पुन्हा देव पाहत असे.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची दत्तपरंपरा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. दासोपंत (१५५१–१६१५) इथे राहिले. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. त्यांच्या कथेत सारा थकल्यामुळे बीदरच्या दरबारात ते ओलीस असतात आणि दत्त ‘दत्ताजी पाडेवार’ नावाच्या नोकराच्या वेषात येऊन रक्कम भरतो. देव इथे तेजाच्या लोळात न येता वसुलीच्या हिशेबात येतो.

उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११, लेखन गिरीश कुलकर्णी) याच दत्ताला आजच्या खेड्यात आणतो. हरवलेली गाय शोधताना थकून झाडाखाली पडलेल्या केश्याला दत्त दिसतो. तो भास, स्वप्न की साक्षात्कार, याचा निवाडा चित्रपट करत नाही आणि हेच त्याचे मोठेपण. रुग्णालय मागणारे अण्णा मागे पडतात, गावात देऊळ उठते, प्रसादाची, फुलांची दुकाने लागतात आणि पुढारी भाऊंना मार्ग सापडतो. केश्याची श्रद्धा शाबूत आहे म्हणूनच तो अखेर मूर्ती पळवून पाण्यात सोडतो. त्या रात्री त्याला भेटणारा नसीरुद्दीन शाह यांचा दरोडेखोर चित्रपटाच्या वास्तवात बसत नाही. तो स्वप्नातून चुकून इकडे आल्यासारखा वाटतो. मूर्ती गेली तरी गावाचे काही अडत नाही, दुसरी बसवली जाते. जिजाई देवाशी भांडली होती, केश्या देवाच्या कारभाऱ्यांशी भांडतो. पाऊण शतकात मराठी संशयाचा रोख असा बदलला. ‘देऊळ’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘ब्यारी’सह विभागून मिळाला, तर गिरीश कुलकर्णी यांना अभिनय आणि संवादलेखनाचा.

चोख अतिवास्तव शैलीचे भारतीय उदाहरण हिंदीत सापडते. पुण्याच्या चित्रपटसंस्थेत घडलेल्या कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ (१९८८) अजमेर-पुष्करच्या धार्मिक बाजाराला बेडूक, जाहिराती आणि ज्योतिष यांच्या गोंधळात बुडवतो. तो चित्रपटगृहांत यायला २०१४ उजाडले. स्वरूप यांचे पुढचे काम फाळक्यांवर झाले, यात नवल नाही. ‘तुंबाड’ (२०१८, राही अनिल बर्वे) मराठी घरातल्या हावेची दंतकथा हिंदीत सांगतो. तिथे देव आहे, पण भक्ती नाही. मराठीत आदिश केळुसकर यांचा ‘कौल’ (२०१६) तेवढा या शैलीच्या खऱ्या अर्थाने जवळ येतो. कोकणातल्या शिक्षकाला येणारा गूढ अनुभव तो कुठलाही खुलासा न करता मांडतो आणि प्रेक्षकाला तंगवतो. काही ठिकाणी जरुरीपेक्षा जास्तच.

काटेकोर व्याख्या लावली तर मराठीतली यादी एवढ्यावर संपते. विषयाशी ओळख करून घेणाऱ्याने मात्र ‘संत तुकाराम’ आणि ‘देऊळ’ लागोपाठ पाहावेत.