नवजात बालकांची रक्तशर्करा: अतिदक्षता विभागातील औषधोपचार

मातेच्या उदरात असेपर्यंत गर्भाला वारेतून अखंड साखर मिळत असते. नाळ कापली की हा पुरवठा तत्काळ थांबतो. त्यानंतर यकृतातील साठा वापरून आणि दूध पचवून बालकाला स्वतःची गरज भागवावी लागते. म्हणूनच जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत जवळजवळ प्रत्येक बालकाच्या रक्तातील साखर उतरते. बहुतेकांत ती आपोआप सावरते. ज्यांच्यात सावरत नाही, त्यांच्या अवस्थेला 'हायपोग्लायसेमिया' असे म्हणतात.

नवजात बालकाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो आणि रक्तातील साखरेचा फार मोठा वाटा तोच वापरतो. साखर दीर्घकाळ किंवा वारंवार फार खाली राहिली, तर मेंदूला, विशेषतः त्याच्या मागील भागाला, कायमची इजा होऊ शकते. पुढे दृष्टिदोष, अपस्मार किंवा बौद्धिक वाढीतील उणीव या रूपाने ती प्रकट होते. ही इजा वेळीच उपचार केल्यास बहुतांशी टाळता येते.

धोका कोणाला?

अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बालके, मधुमेही मातांची बालके, जन्मतः गुदमरलेली, जंतुसंसर्ग झालेली किंवा थंड पडलेली बालके या गटात मोडतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या यकृतात साठाच थोडा असतो. मधुमेही मातेच्या बालकाचे कारण वेगळे असते. मातेच्या रक्तातील जादा साखरेला उत्तर म्हणून गर्भाच्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन निर्माण करण्याची सवय लागलेली असते. नाळ कापल्यावर साखर थांबते, इन्सुलिन मात्र काही काळ तसेच राहते.

हातपाय थरथरणे, सुस्ती, दूध न ओढणे, क्षीण रडणे, श्वास थांबणे, निळे पडणे आणि झटके ही लक्षणे होत. परंतु अनेक बालकांत एकही लक्षण दिसत नाही. म्हणून धोक्याच्या गटातील बालकांच्या टाचेतून ठरावीक अंतराने रक्ताचा थेंब घेऊन तपासणी केली जाते. ग्लुकोमीटरचा आकडा हा अंदाज असतो. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. मात्र त्या अहवालासाठी उपचार थांबवून ठेवत नाहीत.

किती साखर म्हणजे कमी, यावर वैद्यकविश्वात पूर्ण एकमत नाही. व्यवहारात दर डेसिलिटरला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या खाली उपचाराचा विचार होतो. नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. धोक्याच्या गटातील, पण अन्यथा निरोगी अशा ३५ आठवड्यांवरील बालकांत ४७ ऐवजी ३६ मिलिग्रॅमची मर्यादा धरून उपचार केले, तरी १८ महिन्यांच्या वयापर्यंतच्या विकासात उणेपणा आढळला नाही. लक्षणे असलेल्या किंवा गंभीर आजारी बालकांना हा निष्कर्ष लागू होत नाही.

पहिले औषध साखरच

लक्षणे नसतील आणि साखर किंचितच कमी असेल, तर प्रथम आईचे दूध पाजून तासाभरात पुन्हा तपासणी करतात. गालाच्या आतील त्वचेवर चोळण्याच्या ४० टक्के डेक्स्ट्रोज जेलचा उपयोग न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे झालेल्या व २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शुगर बेबीज' अभ्यासाने दाखवून दिला.

लक्षणे असतील किंवा साखर फारच खाली असेल, तर शिरेवाटे उपचार अपरिहार्य ठरतो. १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलिलिटर या प्रमाणात सावकाश देतात. तीन किलोच्या बालकाला ते अवघे ६ मिलिलिटर, म्हणजे ६०० मिलिग्रॅम साखर होते. पाठोपाठ किलोमागे दर मिनिटाला सुमारे ६ मिलिग्रॅम साखर पोहोचेल, असे सलाईन पंपावर सुरू करतात. केवळ पहिला डोस देऊन थांबल्यास वाढलेल्या साखरेमुळे इन्सुलिन स्रवते आणि साखर पुन्हा कोसळते. २५ किंवा ५० टक्क्यांचे तीव्र द्रावण याच कारणाने टाळले जाते.

गरजेनुसार हा वेग टप्प्याटप्प्याने १२ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हातापायाच्या लहान शिरेतून १२.५ टक्क्यांहून तीव्र द्रावण देत नाहीत, कारण शीर सुजते आणि द्रावण बाहेर झिरपल्यास त्वचा जळते. त्याहून अधिक साखर लागल्यास नाळेतील शिरेतून नळी घालतात.

पुढची पायरी

एवढ्यानेही साखर टिकत नसेल, तर कारणाचा शोध आवश्यक ठरतो. साखर कमी असतानाच इन्सुलिन, कॉर्टिसॉल आदींसाठी रक्त घेतात. पुढची औषधे आधी दिल्यास निदान धूसर होते.

*हायड्रोकॉर्टिसोन:* हे स्टेरॉइड यकृताची साखर तयार करण्याची क्रिया वाढवते. जंतुसंसर्ग आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवून ते थोडेच दिवस दिले जाते.

*ग्लुकॅगॉन:* हे यकृतातील साठा रक्तात आणते. त्यामुळे साठाच नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या किंवा कृश बालकात त्याचा फारसा उपयोग होत नाही. इन्सुलिन जास्त असलेल्या बालकाची शीर सापडत नसताना ते तात्पुरता आधार देते.

*डायझॉक्साइड:* मूळचे रक्तदाबाचे हे औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणे रोखते. ते तोंडावाटे देतात. शरीरात पाणी साठणे आणि अंगावर केस वाढणे हे त्याचे दुष्परिणाम होत. फुफ्फुसातील रक्तदाब वाढण्याच्या धोक्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये इशारा दिला होता. म्हणून सोबत बहुधा लघवी वाढवणारे औषध देतात आणि श्वासावर नजर ठेवतात.

*ऑक्ट्रिओटाइड:* डायझॉक्साइड लागू न पडल्यास त्वचेखाली याचे इंजेक्शन देतात. आतड्याचा रक्तपुरवठा घटण्याचा धोका असल्याने अपुऱ्या दिवसांच्या बालकांत विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

जन्मजात इन्सुलिन-आधिक्याच्या काही बालकांत दोष स्वादुपिंडाच्या एका छोट्या भागापुरताच असतो. तेवढाच भाग शस्त्रक्रियेने काढल्यास मूल बरे होऊ शकते.

सलाईन सावकाश का उतरवतात?

साखर सुमारे दिवसभर स्थिर राहिल्यावर सलाईनचा वेग काही तासांच्या अंतराने थोडा थोडा कमी करत दूध वाढवले जाते. सलाईन एकाएकी बंद केल्यास साखर पुन्हा कोसळण्याचा धोका असतो. बालक चांगले दिसत असूनही त्याला दक्षता कक्षात ठेवून टाचेला टोचले जाते, तेव्हा नातेवाइकांचा जीव कासावीस होतो. परंतु आटोपशीर वाटणारा हाच काळ नाजूक असतो.

घरच्यांसाठी

बाळाला जन्मतःच मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. साखर कमी होऊ नये म्हणून हे उपाय उपयोगी नाहीत. त्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो, मधातून बोट्युलिझमसारखी विषबाधा संभवते आणि स्तनपान लांबते. पहिल्या तासात चीक दूध पाजणे, बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेने धरून ऊब देणे आणि दर दोन-तीन तासांनी पाजणे, हा खरा बचाव होय.

बाळ सुस्त पडले, दूध ओढेनासे झाले किंवा झटके आले, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. जिल्हा व स्त्री रुग्णालयांत नवजात शिशू विशेष दक्षता कक्ष आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बालकांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात. मातेला मधुमेह असल्यास किंवा रक्तदाबासाठी लॅबेटालॉलसारख्या गोळ्या सुरू असल्यास प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. म्हणजे बाळाची पहिली तपासणी वेळेवर होते.