नंबर घालवण्याची गोष्ट

मागच्या महिन्यात नात नगरहून आली ती एक फाईल घेऊनच. वय तेवीस, दोन्ही डोळ्यांना साडेपाच नंबर. "आजोबा, लेसर करून टाकू का? आई म्हणते, लग्नाआधी चष्मा गेलेला बरा."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, आयुष्यभर इतिहास आणि भाषा शिकवलेला माणूस. डॉक्टरकीचा सल्ला काय देणार? मग सवयीप्रमाणे या गोष्टीचा इतिहासच शोधायला बसलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

डोळ्याच्या पुढे काचेसारखा पारदर्शक पापुद्रा असतो, त्याला पारपटल म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण प्रकाश एकत्र आणण्याचे बरेचसे काम तोच करतो. लांबचे दिसत नाही तेव्हा प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच तयार होते. चष्म्याची काच ती मागे ढकलते. मग काचेऐवजी पारपटलाचाच बाक थोडा कमी केला तर? सगळी कथा या एका प्रश्नाची आहे.

पहिले धाडस जपानच्या डॉ. सातो यांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांनी पारपटलावर आतून-बाहेरून चिरा दिल्या. नंबर उतरले, रोगी खूश झाले. पण पुढे काही वर्षांनी त्यातल्या अनेकांची पारपटले सुजून धुरकट झाली, कारण आतल्या नाजूक पेशी मेल्या होत्या. हा धडा मी वहीत अधोरेखित करून ठेवला आहे. डोळ्याच्या बाबतीत 'आज छान दिसते' एवढ्यावर भागत नाही. कोलंबियातल्या बॅराकेर यांनी पारपटलाची चकती काढून, गोठवून, चक्क लेथवर घासून परत बसवली. १९७० च्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून चिरा देण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्याकडे कारखान्यातल्यासारखे रोगी फिरत्या पट्ट्यावरून एकेका डॉक्टरासमोर येत!

आता आपल्या माणसाची गोष्ट. रंगास्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे, मद्रास विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ. आय.बी.एम. कंपनीत ते प्लास्टिकवर अतिनील किरणांचे प्रयोग करत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, ते जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत गेले. साध्या लेसरने मांस करपले. एक्सायमर लेसरने मात्र सुरीने कापावा तसा स्वच्छ काप दिला, शेजारी भाजल्याची खूण नाही. हा किरण जाळत नाही, रेणूंचे बंधच तोडतो. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ ट्रोकेल त्यांना भेटले आणि हा किरण डोळ्याकडे वळला.

१९८८ साली डॉ. मार्गरिट मॅकडॉनल्ड यांनी अमेरिकेत दिसत्या डोळ्यावर पहिल्यांदा तो वापरला. त्या रुग्ण बाईंचा डोळा कर्करोगामुळे काढायचाच होता. तो काढण्याआधी त्यांनी प्रयोगासाठी देऊ केला. आज लाखो तरुण चष्मा काढून मिरवतात, त्यामागे या बाई आहेत हे कुणाच्या गावीही नसते.

तर आजचे पर्याय असे. पहिला पी.आर.के. यात वरचा नाजूक थर बाजूला करून लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळा चुरचुरतो, नजर हळूहळू स्थिरावते. दुसरा लॅसिक. यात पारपटलाची पातळ झडप उचलून खाली लेसर मारायचा आणि झडप परत बसवायची. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे डॉ. पॅलिकारिस यांनी ही पद्धत १९९० च्या सुमारास पुढे आणली. तिसरा स्माईल. झडप न करता बारीक छेदातून आतली चकती काढून घेतात. यातला लेसर वेगळा. त्यामागच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. आणि पारपटल पातळ किंवा नंबर फार मोठा असेल, तर डोळ्याच्या आत भिंग बसवतात.

एके काळी यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागे. आता नगरमध्येच सोय आहे. डॉ. प्रकाश कांकरिया यांच्या साईसूर्य नेत्रसेवेचे नाव तर जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे.

नातीच्या फाईलमध्ये दोन गोष्टी निघाल्या. पारपटल जरा पातळ, आणि गेल्या वर्षात नंबर अर्ध्याने वाढलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "नंबर स्थिर होईपर्यंत थांबा. मग पी.आर.के. किंवा भिंग, लॅसिक नको." शिवाय चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागेल तो लागेलच. सूनबाई हिरमुसल्या. त्यांच्या डोळ्यासमोर बायोडाटा होता.

मला मात्र एक मुलगा आठवला. १९७६-७७ ची गोष्ट, मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होतो. हा उंच, म्हणून शेवटच्या ओळीत. फळ्यावरचे उतरवून न घेता शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा. मी त्याला नकलाखोर ठरवला, दोन-तीनदा छडीही मारली. पुढे गावात मोतीबिंदूचे शिबिर आले. म्हाताऱ्यांचे डोळे तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सहज पोरांचेही पाहिले. याचा नंबर चार निघाला. चष्मा लावून वर्गात आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर रेघा बी मारता व्हय?"

सुवाच्य अक्षर यावे म्हणून मी रोज फळ्यावर रेघा आखत असे. त्याला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. त्या दिवसानंतर मी वर्गात छडी नेली नाही. पण आधी मारलेल्या छड्या काही परत घेता आल्या नाहीत.

नातीला ही गोष्ट सांगितली आणि एवढेच म्हटले, "तुला हवे असेल तर वर्षाने जरूर कर. बायोडाट्यासाठी मात्र करू नकोस." ती हसली. आईशी स्वतःच बोलते म्हणाली.

असो. लांबले जरा. तुमच्या घरात वही नाकाला लावून लिहिणारे एखादे पोर असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.