जुन्या यंत्राची परीक्षा: वेल्डिंगचा इतिहास आणि जव्हार-मोखाड्याचा कारागीर

लोखंड तुटणें ही शेतकऱ्याच्या घरांत लहानसहान गोष्ट नव्हे. नांगराचा फाळ मोडला किंवा गाडीच्या चाकाची धाव सुटली, कीं ऐन हंगामांत दिवस फुकट जातात. म्हणून पूर्वीं पंचक्रोशींत लोहाराचा भाता असे. तुटलेलीं दोन टोकें पांढऱ्या तापावर आणावयाचीं, वाळू टाकून त्यांवरील मळ वितळवावयाचा आणि ऐरणीवर घाव घालून तीं एकजीव करावयाचीं, ही लोहाराची विद्या फार प्राचीन आहे. तिला मर्यादा एकच होती. जें भट्टींत मावेल तेंच सांधतां येई.

ही मर्यादा विजेनें मोडली. ऑग्यूस्त द मेरितां या फ्रेंच संशोधकानें १८८१ मध्यें कोळशाच्या कांडीपासून निघणाऱ्या विद्युत्-ज्योतीनें बॅटरीचे शिशाचे पत्रे जोडले. निकोलाय बेनार्डोस या रशियन संशोधकानें ती रीत लोखंडासाठीं वाढविली. १८८८ मध्यें स्लाव्यानोव्ह यानें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी घेतली. तेव्हां ज्योतही तिची आणि सांधा भरणारा रसही तिचाच, अशी सोय झाली. परंतु उघड्या रसांत हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शिरून सांधा ठिसूळ होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यानें कांडीवर रासायनिक लेप चढविण्याची युक्ति काढली. आज आपल्याकडील दुकानांत ज्याला नुसतें 'रॉड' म्हणतात, तो याच युक्तीचा वंशज होय.

या विद्येची मोठी कसोटी नव्या वस्तूंवर नव्हे, तर मोडलेल्या वस्तूंवर लागली. १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां तिच्या बंदरांत अडकलेल्या शंभराहून अधिक जर्मन जहाजांपैकीं अनेकांचीं एंजिनें त्यांच्याच खलाशांनीं फोडून ठेविलीं होतीं. नवे भाग ओतून घेण्यांत फार काळ गेला असता. विजेच्या ज्योतीनें ते भाग जागच्या जागीं सांधले गेले आणि कांहीं महिन्यांतच जहाजें समुद्रावर गेलीं. टाकाऊ ठरलेल्यास पुन्हां कामास लावणें, हें या यंत्राचें जन्मजात कार्य आहे.

भारतांत स्वातंत्र्यानंतर या विद्येचा प्रसार झपाट्यानें झाला. १९५० मध्यें कारागीर-प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली व वेल्डरचा धंदा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकविला जाऊं लागला. १९५१ मध्यें स्विस ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्यानें मुंबईंत अडवाणी-ऑर्लिकॉन ही रॉड बनविणारी कंपनी स्थापन झाली. कारखान्यांतून ही विद्या हळूहळू नाक्यावरच्या ग्रिल-दरवाजाच्या दुकानांत उतरली.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत मात्र ती उशिरां चढली. मुकणे घराण्याचें जव्हार संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. २०१४ च्या १ ऑगस्टपासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. एक लोहमार्ग किनाऱ्यानें जातो, दुसरा कसाऱ्याचा घाट चढतो. मधल्या या मुलखांत आगगाडी नाहीं. भात-नागलीची कापणी आटोपली, कीं अनेक कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर वसई-भिवंडीकडे उतरतात. अशा घरांतील एखादा तरुण शहरांत वेल्डिंग शिकून येतो आणि पडवींत स्वत:चें यंत्र मांडूं पाहतो, तेव्हां त्याच्यापुढें गांवांत राहावयाचें कीं पुन्हां खालीं उतरावयाचें, हाच प्रश्न असतो. नवें यंत्र झेपत नाहीं, म्हणून त्याची नजर बोईसर-तारापूरच्या किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून निकालांत निघालेल्या यंत्राकडे जाते.

येथें इतिहास जाणणें उपयोगी पडतें. तें यंत्र कारखान्याच्या विजेसाठीं घडलेलें असतें. पुष्कळ जुनीं, तेलांत बुडविलेलीं यंत्रें दोन फेजवर, म्हणजे सुमारें ४१५ व्होल्टवर चालतात. घरांत २३० व्होल्टच येतात. एका फेजवर चालणारें असलें, तरी दहा गेजच्या रॉडला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. यंत्राचा मोकळा दाब ६० व्होल्ट धरला, तर शंभर अँपिअरसाठीं घरच्या तारांतून सुमारें २६ अँपिअर ओढले जातात. साध्या घरगुती जोडणीला हा भार सोसत नाहीं. शिवाय लांब तारेच्या टोकास दाब उतरला, कीं ज्योत मंदावते व रॉड चिकटतो. म्हणून विक्रेत्याच्या दुकानांत यंत्र चाललें, एवढ्यावर विसंबूं नये. आपल्या घरीं संध्याकाळीं किती व्होल्ट मिळतात, तें आधीं मोजावें.

नव्या रंगाला भुलूं नये. झांकण काढवून गुंडाळी तांब्याची कीं ॲल्युमिनियमची, तें पाहावें. जळका वास किंवा काळवंडलेलें आवरण दिसल्यास मागें फिरावें. मेगरनें गुंडाळी व पेटी यांमधील रोध तपासून घ्यावा, कारण पावसाळाभर ओलींत पडलेल्या यंत्राचें आवरण कमकुवत होतें. मग सलग कांहीं रॉड जाळून यंत्र किती तापतें तें पाहावें. हलकीं इन्व्हर्टर यंत्रें हल्लीं मिळतात व तीं वीज कमी ओढतात, तेव्हां त्यांच्याशींही किंमत ताडून पाहावी. जुन्या यंत्राच्या बाजूनें एक गोष्ट मात्र आहे: त्याची जळालेली गुंडाळी साधा वाइंडिंगवाला पुन्हां भरून देऊं शकतो.

आणि किंमत ठरवितांना अर्थिंग, अखंड होल्डर, कोरडे हातमोजे व काच यांचा खर्च त्यांतच धरावा. मोकळ्या दाबाचे पन्नास-ऐंशी व्होल्ट कोरड्या हाताला फारसे जाणवत नाहींत. परंतु जव्हारच्या पावसांत ओल्या जमिनीवर, घामेजल्या अंगानें काम करणाऱ्याच्या जिवावर ते बेतूं शकतात. घर सांभाळण्यासाठीं आणलेल्या यंत्रानें घरांतला माणूसच नेला, तर तें कितीही स्वस्त मिळालेलें असो, तो सौदा महागच पडला.