पकडवॉरंट आणि सार्वजनिक दप्तर : मुंबई इलाख्यातील साधनांचा विचार

एखाद्या व्यक्तीविरुद्ध पकडवॉरंट निघाले होते काय, ते कोणत्या न्यायाधिकाऱ्याच्या सहीने निघाले, ते बजावले गेले की तसेच परत आले, हे प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकापुढे वारंवार उभे राहतात. विषय एखाद्या कार्यकर्त्याच्या चरित्राचा असो, गावातील दंग्याचा असो वा फरारी इसमाच्या शोधाचा असो, वॉरंटाचा कागद हाती लागला म्हणजे तारीख, आरोप, न्यायालय व अंमलदार ह्या चारही गोष्टी एकदम निश्चित होतात. म्हणून सरकारी दप्तरात प्रथम हाच कागद शोधण्याकडे अभ्यासकाची प्रवृत्ती असते. तथापि वॉरंट हे मुळात जनतेने वाचावे म्हणून लिहिलेले लेख्य नव्हे. न्यायालयाने पोलीस अंमलदारास दिलेला तो आदेश असतो, आणि आदेशाची तामिली झाली की त्याचे काम संपते. त्याची वाच्यता होते ती तामिली न झाल्यास. ह्या साध्या वस्तुस्थितीचा दप्तराच्या घडणीवर केवढा परिणाम झाला आहे, हे ध्यानात न घेता काढलेले निष्कर्ष फसवे ठरण्याचा संभव असतो.

वॉरंटाचे कायदेशीर स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. पेशवाईत सरकारातून बोलावणे आले म्हणजे ते घेऊन येणाऱ्या प्याद्याचा खर्च ‘मसाला’ ह्या नावाने बोलावलेल्या माणसाकडूनच वसूल होई. अशा बोलावण्याचा मागोवा त्यामुळे हिशेबाच्या कागदांतही घेता येतो. इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली झालेल्या रेग्युलेशनांनी फौजदारी न्यायाची नवी चौकट मुंबई इलाख्यास दिली. पुढे १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता झाली. १८७२, १८८२ व १८९८ मध्ये तिची नवी रूपे आली. ह्यांपैकी १८९८ ची संहिता, मधल्या दुरुस्त्यांसह, १९७४ च्या मार्चअखेरपर्यंत अमलात राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन पादांतील बहुतेक वॉरंटे तिच्याच नमुन्यावर निघालेली असल्यामुळे अभ्यासकाला तिची कलमे परिचित असणे अवश्य आहे.

ह्या संहितेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे वॉरंट लेखी असावे, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही व न्यायालयाचा शिक्का असावा, आणि न्यायालयाने रद्द करीपर्यंत अथवा बजावले जाईपर्यंत ते अमलात राहावे, असे ठरलेले होते. ज्याच्या नावाने ते निघाले त्याला त्याची माहिती केव्हा मिळावी, ह्याचे उत्तर ८० व्या कलमात सापडते. बजावणी करणाऱ्या अंमलदाराने वॉरंटातील मजकुराचा सारांश त्या इसमास सांगावा व त्याने मागितल्यास वॉरंट दाखवावे, एवढीच तरतूद तेथे आहे. म्हणजे कायद्याने दिलेला माहितीचा हक्क अटकेच्या क्षणी उत्पन्न होत असे, तत्पूर्वी नव्हे. अगोदर कळल्यास इसम पळून जाईल, ही त्यामागील भूमिका उघड आहे. दप्तरातील नकला मिळविण्याचा ५४८ व्या कलमाखालील हक्कही न्यायालयाच्या निर्णयाची वा हुकुमाची झळ ज्याला पोहोचली असेल त्यालाच होता, त्रयस्थाला नव्हता.

गुप्ततेचा हा पडदा दूर होतो तो ८७ व्या कलमाने. ज्याच्याविरुद्ध वॉरंट निघाले आहे तो फरारी झाला आहे अथवा लपून बसला आहे असे न्यायालयास वाटल्यास, निदान तीस दिवसांची मुदत देऊन हजर होण्याविषयीचा जाहीरनामा काढण्याचा अधिकार न्यायालयास होता. हा जाहीरनामा इसमाच्या राहत्या गावी ठळक जागी मोठ्याने वाचावा, त्याच्या घरावर अथवा गावातील ठळक जागी चिकटवावा, आणि त्याची एक प्रत न्यायालयाच्या इमारतीवर लावावी, असे त्या कलमात सांगितले आहे. जो मजकूर काल फौजदाराच्या खिशात होता, तो आज साऱ्या गावाच्या कानी पडे. एवढेच नव्हे, तर गावच्या पाटलावरही जबाबदारी येई. कारण ४५ व्या कलमान्वये जाहीर केलेला गुन्हेगार गावात आल्याची वा गावावरून गेल्याची खबर देणे त्याला बंधनकारक होते. एका न बजावलेल्या वॉरंटापासून अशा रीतीने अनेक ठिकाणी कागद निर्माण होत.

त्यानंतरचा टप्पा ८८ व्या कलमाखालील जप्तीचा. अभ्यासकाच्या दृष्टीने तो अधिक फलदायी आहे, कारण येथे न्यायखात्याचा कागद महसूलखात्यात प्रवेश करतो. सरकारसारा देणारी जमीन जप्त करावयाची झाल्यास ती जिल्ह्याच्या कलेक्टरामार्फत करावी, असा नियम होता. साहजिकच हुकूम कलेक्टर कचेरीच्या बारनिशीत चढून पुढे मामलेदाराकडे व तलाठ्याकडे जाण्याचा मार्ग मोकळा होई. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धती सुरू झाल्यानंतरच्या काळासाठी फेरफाराच्या वह्याही ह्या दृष्टीने तपासणे इष्ट आहे. जप्त मालमत्तेवर भाऊबंदांनी वा इतरांनी हक्क सांगितला, तर त्याचीही चौकशी होई. आणि अशा चौकशीत एकत्र कुटुंब, वाटणी, गहाण ह्यांची जी माहिती येते ती अन्यत्र क्वचितच मिळते. फौजदारी न्यायालयाचे मूळ प्रकरण नष्ट झाले असले तरी महसुली दप्तरातील हा मागोवा शिल्लक राहण्याचा संभव असतो.

८९ वे कलम तर विशेष विचार करण्याजोगे आहे. जप्तीपासून दोन वर्षांच्या आत इसम हजर झाला आणि आपण फरारी झालो नव्हतो, किंवा जाहीरनाम्याची खबर आपणास वेळीच लागली नव्हती, असे त्याने सिद्ध केले, तर मालमत्ता अथवा तिचे उत्पन्न त्यास परत मिळे. म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब कायद्याने विचारात घेतलेली होती. परंतु ह्याच संहितेने असेही म्हटले होते की, जाहीरनामा अमुक दिवशी रीतसर प्रसिद्ध झाला असे न्यायालयाने लिहून ठेवले म्हणजे तो निर्णायक पुरावा समजावा. घराच्या दारावर चिकटवलेला कागद पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाने खरोखर वाचला होता काय, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याने वाचला होता काय, हे दोन भिन्न प्रश्न होते. दप्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी देते, पहिल्याचे क्वचितच.

ह्या विवेचनाच्या प्रकाशात काही परिचित उदाहरणे पाहता येतील. वासुदेव बळवंत फडके ह्यांचा १८७९ मधील उठाव सरकारी कागदांत इतक्या तपशिलाने आढळतो, ह्याचे एक कारण ते कित्येक महिने हाती लागले नाहीत हे होय. त्यांच्यावर इनाम लावण्यात आले, शोधासाठी अंमलदार नेमले गेले, आणि जुलै १८७९ मध्ये आजच्या विजापूर जिल्ह्यातील देवर नावडगी येथे मेजर डॅनियलने त्यांस पकडीपर्यंत पत्रव्यवहार वाढतच गेला. मुंबई सरकारने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात ह्यासंबंधीची सामग्री आली आहे. येथे एक भेद पाळला पाहिजे. इनामाचा जाहीरनामा हा सरकारचा कार्यकारी हुकूम असतो, तर फरारी इसमास हजर होण्याविषयीचा जाहीरनामा हा न्यायालयाचा हुकूम असतो. दोहोंची दप्तरे निराळी, आणि एकाच्या अस्तित्वावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

ह्याच्या उलट लोकमान्य टिळकांची १९०८ ची अटक. २४ जून रोजी मुंबईत त्यांच्यावर वॉरंट बजावले गेले. आरोपी फरारी नसल्याने जाहीरनामा नाही, जप्ती नाही, पाटलाची खबर नाही. वॉरंटाची माहिती टिकली ती खटल्याचा वृत्तान्त छापला गेल्यामुळे आणि आरोप राजद्रोहाचा असल्यामुळे. राजद्रोहासारख्या गुन्ह्याची दखल घेण्यास संहितेच्या १९६ व्या कलमाप्रमाणे सरकारचा हुकूम वा अधिकारदान लागे. अशा वॉरंटामागे न्यायखात्यातील सरकारी निर्णयाचा कागद असतोच. अप्रसिद्ध माणसाच्या साध्या खटल्यात ह्यांपैकी काहीच नसे. सायंकाळी पकडलेल्या व महिन्याभरात शिक्षा झालेल्या मजुराचे वॉरंट प्रकरणाच्या बस्त्यात बांधले गेले आणि मुदत संपताच निरुपयोगी कागदांत जमा झाले. निरुपयोगी दप्तर नष्ट करण्यासंबंधीच्या १९१७ च्या कायद्याने उच्च न्यायालयांना त्याविषयी नियम करण्याचा अधिकार दिलेला होता.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळ अटकांस वॉरंट मुळी लागतच नसे. १८९८ च्या संहितेच्या ५४ व्या कलमाने दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांस विनावॉरंट अटकेचा अधिकार दिला होता. १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदलेला इसम ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर आढळल्यास त्यासही वॉरंटावाचून पकडता येई. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. १९४२ च्या आंदोलनात भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली स्थानबद्धतेचे हुकूम निघाले आणि १२९ व्या नियमाखाली केवळ संशयावरून अटका झाल्या. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. त्यांच्याविषयी वॉरंट, इनाम व जप्ती ह्यांचा शोध घेता येतो. परंतु त्याच काळात गावातून उचलून नेलेल्या साध्या शेतकऱ्याच्या अटकेचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी पोलीस ठाण्याची रोजनिशी, तुरुंगाचे दाखले आणि जिवंत स्मृती ह्यांकडेच वळले पाहिजे. वॉरंट सापडले नाही ह्यावरून अटक झाली नाही असे म्हणणे, हा ह्या क्षेत्रातील सर्वांत सुलभ आणि सर्वांत अन्यायकारक प्रमाद होय. ह्याच कागदाच्या अभावी कित्येकांचा त्याग नोंदीवाचून राहिला असणे असंभवनीय नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या स्थितीत पालट झाला, तो काही अंशीच. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविण्याचे बंधन मूलभूत हक्कांत आणले. १९७३ च्या संहितेने जाहीरनामा स्थानिक वृत्तपत्रात छापण्याची मुभा न्यायालयास दिली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जाहीरनाम्याची पद्धती कायम आहे. मात्र पूर्वी फरारी आरोपीच्या अनुपस्थितीत केवळ साक्षी नोंदवून ठेवता येत. नव्या संहितेच्या ३५६ व्या कलमाने, विहित अटी पाळून, जाहीर केलेल्या गुन्हेगाराचा खटला त्याच्या गैरहजेरीत निकालापर्यंत चालविण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे जाहीरनामा खरोखर पोहोचला की नाही, ह्या प्रश्नाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

संशोधकास उपयुक्त अशी तरतूद माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात आहे. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे तपासात वा गुन्हेगारास पकडण्यात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. चालू वॉरंटाची चौकशी करणाऱ्यास ह्याच ठिकाणी अडविले जाते. परंतु त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने वीस वर्षांपूर्वीच्या घटनेच्या बाबतीत हा अडसर काढून टाकला आहे. काळ लोटल्यावर गुप्ततेचे कारण उरत नाही, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले, असे म्हणता येईल. अडचण एवढीच की, वीस वर्षांनी दार उघडते तेव्हा आत कागद शिल्लक असेलच असे नाही.

सारांश, वॉरंटाच्या शोधाचा आरंभ वॉरंटापासून करणे इष्ट नव्हे. प्रथम जाहीरनामा, नंतर जप्ती व तिच्या अनुषंगाने महसुली कागद, त्यानंतर खटल्याचा निकाल व सरकारी मंजुरीचा पत्रव्यवहार, असा उलटा क्रम स्वीकारल्यास यश येण्याचा संभव अधिक. पण हा क्रम फरारी, प्रसिद्ध व जमीन बाळगणाऱ्या माणसापर्यंतच पोहोचवितो, ह्याचे भान सुटता कामा नये. जो पळाला नाही, ज्याच्यापाशी जप्त करण्यासारखे काही नव्हते आणि ज्याचा खटला कोणी छापला नाही, त्याच्याविषयी सार्वजनिक दप्तर मौन बाळगते. त्या मौनाचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे, हे ओळखून इतर साधनांकडे वळणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.